फ्लॅश कपडे बघत नाही

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी दहावीचे परीक्षा अर्ज भरायचं काम चालू होतं. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. शाळेत ज्याला संगणकावर बरं टाइप करता येतं त्याच्या गळ्यात असली कामं पडतात, तसं हे माझ्या गळ्यात पडलं. एका संध्याकाळी द्वारकेला घरी आलो, चहा घेतला आणि एका वर्गाचे पासपोर्ट फोटो जेवणाच्या टेबलावर मांडून बसलो. मागे नाव, पुढे चेहरा. दोन्ही जुळवायचं, स्कॅन करायचं, पुढचा फोटो घ्यायचा.

दहा-बारा फोटो झाल्यावर लक्षात आलं, की मी चेहरे ओळखतच नाहीये, मागची नावं वाचून काम चालवतोय. ज्या मुलींना मी रोज बघतो, त्या या फोटोंत नव्हत्या. काळा स्कार्फ बांधून गेलेल्या मुलींचे चेहरे मैद्यासारखे पांढरे फटक झाले होते. नाक आहे हे नाकपुड्यांवरून कळत होतं. पांढरा कुर्ता आणि टोपी घालून गेलेल्या मुलांचं नेमकं उलटं. कुर्त्याची इस्त्री दिसत होती, चेहरा मात्र काळवंडलेला. आणि तिसरा प्रकार होता संगणकावर ‘सुधारलेल्या’ फोटोंचा. त्यात सगळ्या मुली एकमेकींच्या बहिणी वाटत होत्या.

दुसऱ्या दिवशी यातला एक फोटो मी एका मुलीच्या हातात ठेवला. वर्गातली हुशार, सावळी, टपोऱ्या डोळ्यांची मुलगी.

“सर, ये मेरा फोटो नहीं है.”

“मागे तुझंच नाव आहे.”

“नाम मेरा है,” ती म्हणाली, “चेहरा किसी और का है.”

वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण आदल्या वर्षीची एक सकाळ मला आठवत होती. परीक्षा केंद्रावर आमच्या एका मुलीचं हॉल तिकीट हातात धरून पर्यवेक्षकांनी तिच्याकडे तीनदा पाहिलं, मग दुसऱ्या मॅडमना बोलावलं, मग तिला बाजूला उभं केलं. शेवटी सगळं नीट झालं. कुणी वाईट वागलं असंही नाही, त्यांनी त्यांचं काम केलं. पण तेवढ्यात इतर मुलांची पहिली दोन पानं लिहून झाली होती आणि ही मुलगी डोळे पुसत बाकावर बसली. पेपर मराठीचा होता. माझ्याच विषयाचा.

मित्रहो, आपल्या नावात एक वेलांटी चुकली तर आपण सरकारी कचेरीच्या दहा चकरा मारतो. ‘शेख’चं ‘शेक’ झालं तर प्रतिज्ञापत्र करतो, कारण पुढे काय त्रास होईल हे आपल्याला माहीत आहे. मग चेहरा चुकला तर आपण तो का चालवून घेतो? आधार, शिष्यवृत्ती, हॉल तिकीट, पासपोर्ट, हजचा अर्ज, या सगळ्यांवर नावाच्या शेजारी चेहराच असतो. त्याची जबाबदारी मात्र आपण पाच मिनिटांत फोटो देणाऱ्यावर टाकून मोकळे होतो.

हे बिघडतं कुठे, ते शोधायला मी त्या दिवसापासून लागलो. उत्तर मला वाटलं होतं त्यापेक्षा साधं निघालं. कॅमेऱ्याला माणूस कळत नाही, त्याला फक्त परत येणारा उजेड कळतो. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा समोरच्या दृश्यावरून परावर्तित झालेला उजेड मोजतो आणि गृहीत धरतो, की जगात सरासरी सगळं मध्यम करड्या रंगाचं असतं. समोर काळा बुरखा आला की त्याला वाटतं, फार अंधार आहे. मग तो जास्त उजेड घेतो. बुरखा करडा होतो आणि चेहरा जळून पांढरा. समोर पांढरा कुर्ता, पांढरी टोपी आणि मागे पांढरी भिंत आली की त्याला वाटतं, फार उजेड आहे. मग तो उजेड कमी करतो. कुर्ता मळकट होतो आणि चेहरा काळा. म्हणजे आपल्या मुलामुलींच्या चेहऱ्याचा निकाल कॅमेरा त्यांच्या कपड्यांवरून लावतो. यात कुणाचा द्वेष नाही, यंत्राची सवय आहे. पण ती सवय ओळखून दुरुस्त करणं हे माणसाचं काम, आणि तेच होत नाही.

कुणी म्हणेल, हल्लीचे फोन चेहरा ओळखतात. खरं आहे. फोनच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवलं की तो बऱ्याच अंशी सावरून घेतो. ज्याच्याकडे दुसरं काही नाही त्याने दिवसा, सावलीत, मोकळ्या आभाळाकडे तोंड करून असा फोटो जरूर काढावा. तो दुकानातल्या वाईट फोटोपेक्षा चांगला येईल. पण मला एका मुलीचा नाही, दीडशे मुलांचा फोटो काढायचा होता. पहिली मुलगी सकाळी आठला आणि शेवटचा मुलगा दुपारी बाराला. मध्ये ढग येणार, पाऊस येणार, वर्गातली ट्यूबलाइट एका गालावर हिरवट झाक टाकणार आणि खिडकी दुसऱ्या गालावर निळसर. सगळ्यांना सारखा उजेड द्यायचा तर तो उजेड आपला हवा. इथे मला मामूंची आठवण झाली.

माझे मामू फिल्मच्या जमान्यात लग्नांचे फोटो काढायचे. जुन्या नाशकात त्यांची एक खोली होती. तिच्यात एक स्टूल, एक निळा पडदा आणि छत्र्या लावलेले दोन स्टुडिओ फ्लॅश. फोटो काढायला आलेल्या माणसाला ते आधी बाहेर बसवून ठेवायचे आणि रिकाम्या स्टुलाकडे बघत दिवे पुढे-मागे करत राहायचे. मी विचारलं तर म्हणायचे, “बेटा, पहले रोशनी बिठाव, फिर आदमी.” तेव्हा मला ते म्हातारपणाचे चाळे वाटायचे. मामू गेल्यावर ते दोन्ही फ्लॅश माळ्यावर पडून होते. मी ते खाली काढले, पुसले आणि ठरवलं, की शाळेच्या डिजिटल कॅमेऱ्याला हेच जोडायचे.

जोडण्याआधी एका ओळखीच्या दुरुस्ती करणाऱ्याला दाखवले हे बरं झालं. मामूंच्या दिव्यांची वायर थेट कॅमेऱ्यात जायची, आणि जुन्या फ्लॅशमध्ये त्या वायरीवर शंभर-दोनशे व्होल्टही असू शकतात. जुन्या फिल्म कॅमेऱ्यात तिथे नुसती धातूची पट्टी असायची, तिला फरक पडत नव्हता. डिजिटल कॅमेऱ्यात तिथे इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. काही सुरुवातीच्या डिजिटल कॅमेऱ्यांची सहनशक्ती तर फक्त सहा व्होल्टची होती. तुमच्याही घरात असा जुना वारसा असेल तर आधी मल्टिमीटरने मोजून घ्या, आपल्या कॅमेऱ्याची मर्यादा त्याच्या पुस्तिकेत बघा आणि शंका असेल तर जोडू नका. आणखी एक, फ्लॅशची पेटी घरी खोलू नका. प्लग काढल्यावरही तिच्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका विजेचा साठा राहू शकतो.

शेवटी दोन साधे, नवे स्टुडिओ फ्लॅश आणि एक रेडिओ ट्रिगर घेतला. सगळं मिळून एका मध्यम दर्जाच्या मोबाइलच्या किमतीत बसलं. ट्रिगर म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावर, हॉट शूवर बसणारी छोटी डबी. बटण दाबलं की ती बिनतारी इशारा देते आणि दोन्ही दिवे एकदम चमकतात. घेताना आपल्या कॅमेऱ्याच्या कंपनीचाच ट्रिगर आहे ना, हे बघून घ्यावं, कारण कॅनन, निकॉन, सोनी यांच्या जोडण्या एकसारख्या नाहीत.

त्यानंतरचे आठ दिवस मी घरच्यांना छळलं. माझी फजिती सांगतो, म्हणजे तुमची टळेल.

पहिल्याच फोटोत बेगमचा अर्धा चेहरा काळ्या पट्टीखाली गेला. मला वाटलं फ्लॅश खराब निघाला. चूक माझी होती. कॅमेऱ्याचा पडदा फार जलद चालवला तर फ्लॅश चमकतो त्या क्षणी तो पूर्ण उघडा नसतो, आणि झाकलेला भाग काळा येतो. बहुतेक कॅमेऱ्यांची मर्यादा सेकंदाच्या १/२०० च्या आसपास असते. मी १/१२५ वर आणलं आणि पट्टी गेली.

दुसरी फजिती ट्रिगर यायच्या आधीची. कॅमेऱ्याचा स्वतःचा छोटा फ्लॅश बघून मोठे दिवे आपोआप चमकतील, असं मला सांगितलं होतं. ते चमकत होते, पण फोटोत त्यांचा उजेडच नव्हता. कारण डिजिटल कॅमेऱ्याचा फ्लॅश ऑटोवर असला की खऱ्या चमकीआधी अंदाज घ्यायला एक बारीक चमक टाकतो. दिवे त्या पहिल्या चमकीलाच फसून रिकामे होत होते. छोटा फ्लॅश मॅन्युअलवर टाकला की हे थांबतं. ट्रिगर आला की प्रश्नच मिटतो.

तिसरी फजिती मेहुण्याच्या आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यावर. सगळं मॅन्युअलवर ठेवलं आणि पडदा काळा ठिक्कर. दिसेना काहीच. तो कॅमेरा फोटो कसा येईल ते आधी दाखवत होता, आणि फ्लॅश अजून चमकलाच नव्हता. सेटिंगमध्ये ते आगाऊ दाखवणं बंद केलं की दिसायला लागतं.

आणि मग तो साधा नियम कळला, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. स्टुडिओ फ्लॅश वापरताना पडद्याचा वेग फक्त खोलीतल्या उजेडावर चालतो. फ्लॅशची चमक इतकी क्षणिक असते, की पडदा १/६० उघडा राहिला काय आणि १/१२५ राहिला काय, तिला फरक पडत नाही. फ्लॅशचा उजेड किती घ्यायचा ते चार गोष्टी ठरवतात: फ्लॅशची ताकद, त्याचं माणसापासूनचं अंतर, लेन्सचं छिद्र आणि आयएसओ. आयएसओ १००, वेग १/१२५, छिद्र एफ/८ ठेवा आणि दिवे बंद करून एक फोटो काढा. तो जवळजवळ काळा आला पाहिजे. काळा आला म्हणजे ट्यूबलाइट, खिडकी, ढग, सगळे वर्गाबाहेर गेले. आता दिवे चालू करा. यापुढे जो उजेड दिसेल तो फक्त तुमचा.

तो उजेड एकदा ठरवला, की बदलत नाही. एखाद्या करड्या कार्डावर किंवा स्वतःच्या तळहातावर चाचणी घ्या, दिव्यांची ताकद जमवा आणि मग कशालाही हात लावू नका. काळ्या बुरख्यातली मुलगी येऊन बसो, पांढऱ्या कुर्त्यातला मुलगा येऊन बसो, की पिवळ्या साडीतल्या आमच्या मुख्याध्यापिका, दिव्यातून तेवढाच उजेड बाहेर पडतो. काळं काळं येतं, पांढरं पांढरं येतं, सावळं सावळं आणि गोरं गोरं. कॅमेऱ्याला अंदाज करायला आपण जागाच ठेवलेली नसते. मॅन्युअलवरचा फ्लॅश कपडे बघत नाही.

इथे दुकानदार मित्र म्हणतील, आमच्याकडेही फ्लॅश असतोच. असतो, पण तो बऱ्याचदा कॅमेऱ्याच्या डोक्यावर, समोरून आणि ऑटोवर. ऑटो फ्लॅशसुद्धा परत आलेला उजेड मोजूनच आपली ताकद ठरवतो. म्हणजे कपड्यांवरून निकाल लावायची सवय तिथेही कायम. बी.एड.ला आम्हाला शिकवलं होतं, की मुलाचा गणवेश बघून उत्तरपत्रिका तपासायची नसते. कॅमेऱ्याला एवढंच शिकवायचं आहे.

शाळेत आम्ही ग्रंथालयाच्या कोपऱ्यात मांडणी केली, ती सांगतो. मूल भिंतीपासून पाच फूट पुढे बसतं, म्हणजे त्याची सावली भिंतीवर पडत नाही. दोन दिवे डावी-उजवीकडे, साधारण पंचेचाळीस अंशांत, पाच फुटांवर, दोन्ही पांढऱ्या छत्र्यांतून, दोन्हीची ताकद सारखी. दिवा दुप्पट लांब नेला की उजेड निम्मा नाही, पाव होतो. म्हणून स्टुलाच्या आणि स्टँडच्या पायांपाशी जमिनीवर खडूने खुणा केल्या. कॅमेऱ्याला व्हाइट बॅलन्स फ्लॅशचाच दिला. चष्मा असेल तर दिवे थोडे वर आणि बाहेर सरकवतो, म्हणजे काचेत चमक येत नाही. फ्लॅशच्या आतला छोटा दिवा चालू ठेवतो, त्यामुळे अंधारात एकदम चमक बसून मुलं डोळे मिटत नाहीत.

स्कार्फसाठी एक गोष्ट वेगळी करावी लागते. स्कार्फची कड कपाळावर थोडी पुढे येते. दिवा फार उंच असला की तिची सावली थेट भुवयांवर पडते. म्हणून दिवे डोळ्यांच्या रेषेच्या किंचितच वर ठेवतो. ही बारीक गोष्ट आहे, पण तिच्यामुळे मुलींना किती ऐकावं लागतं ते बघा. “स्कार्फ काढून बसा, नाहीतर फोटो नापास होईल,” असं आमच्या मुलींना सर्रास सांगितलं जातं. पासपोर्टच्या फोटोचा नियम असा नाही. डोकं झाकू नये असं तो म्हणतो, पण धार्मिक कारणाने झाकलेलं असेल तर त्याला मुभा देतो. अट एवढीच, की हनुवटीपासून कपाळाच्या वरपर्यंत आणि दोन्ही कडांपर्यंत चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे आणि त्यावर सावली नको. म्हणजे नियमाची तक्रार सावलीशी आहे, स्कार्फशी नाही. सावली दिवा हलवून जाते. त्याऐवजी मुलीला स्कार्फ काढायला सांगणं म्हणजे आपलं काम तिच्यावर ढकलणं.

आता त्या तिसऱ्या ढिगाविषयी, ‘सुधारलेल्या’ फोटोंविषयी. ज्या मुलीने “चेहरा किसी और का है” म्हटलं, तिला मी विचारलं, दुकानदाराला तू गोरं करायला सांगितलं होतंस का? ती म्हणाली, नाही, त्याने स्वतःहून केलं आणि वर म्हणाला, अच्छा कर दिया है. मला तो माणूस दुष्ट वाटत नाही. त्याच्याकडे येणाऱ्या दहातले आठ हेच मागत असतील. चूक आपल्या सगळ्यांच्या मागणीत आहे. हजरत बिलाल यांचं नाव आपण इतक्या प्रेमाने घेतो, मुलांची नावं बिलाल ठेवतो, आणि घरातल्या सावळ्या मुलीचा फोटो पाठवताना मात्र दोन पट्ट्या उजळ करून पाठवतो. आमच्या मराठी शेजाऱ्यांचंही वेगळं नाही. सावळ्या विठोबाच्या पायी वारीला जायचं आणि सुनेच्या बायोडाट्यात ‘गोरी’ शोधायची.

पण गोरं करण्याला तांत्रिक निमित्तही आहे, तेही सांगितलं पाहिजे. सावळा चेहरा वाईट उजेडात खरंच सपाट आणि मळका दिसतो. समोरून आदळणारा फ्लॅश नाक, गाल, हनुवटी यांचे उतार पुसून टाकतो. मग संगणकावर उजळ केल्याशिवाय गत्यंतर नाही असं वाटतं. त्याच चेहऱ्यावर बाजूने, छत्रीतून मऊ झालेला उजेड टाका. गालाच्या हाडावर एक हलकी चमक येते, डोळ्यांत दोन छोट्या छत्र्या दिसतात आणि रंग आहे तसाच राहून चेहरा जिवंत होतो. उर्दूत आपण चेहऱ्यावरच्या ‘नूर’विषयी बोलतो. नूर म्हणजे गोरेपण, असं कोणत्याही शब्दकोशात लिहिलेलं नाही. उजेड चुकला असेल तर उजेड बदला, चेहरा बदलू नका.

दोन भाषा शिकवत असल्यामुळे मला एका गोष्टीची गंमत वाटते. फोटोला मराठीत आपण छायाचित्र म्हणतो आणि प्रकाशचित्रही म्हणतो. एक शब्द सावलीकडून आलाय, दुसरा उजेडाकडून. उर्दूत फोटोग्राफीला अक्कासी म्हणतात, अक्स म्हणजे प्रतिबिंब. चित्र काढण्याला मुसव्विरी हा वेगळा शब्द आहे. फोटो जायज की नाजायज या जुन्या वादात हाच फरक मोलाचा ठरला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत यांनी मांडलं, की कॅमेरा काही घडवत नाही, पडलेली सावली फक्त धरून ठेवतो. हा मतभेद आजही आहे आणि तो सोडवायची माझी पात्रता नाही. पण जे इतर वेळी फोटो टाळतात, त्यांच्यातलेही बहुतेक जण कागदपत्रांच्या फोटोला गरज म्हणून मुभा देतात. मग जो एकच फोटो काढायचा, तो तरी खरा असावा. अक्स म्हणायचं आणि अक्स दुसऱ्याचाच निघायचा, हे कोणत्याच मताला पटणारं नाही.

आपण नाशिककर तर या बाबतीत वारसदार आहोत. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७० चा. चित्रपटाकडे वळण्याआधी ते फोटोग्राफी शिकले आणि गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ चालवला. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यांनी दादरला सूर्याच्या उजेडात चित्रित केला आणि पुढे बिऱ्हाड नाशकात आणलं. त्यांच्याकडे ट्रिगर नव्हता, छत्री नव्हती. सूर्य मात्र होता आणि तो कुठून कधी येतो याचा अभ्यास होता. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांच्या स्मारकात आपण मुलांच्या सहली नेतो, बागेत डबे खातो आणि परत येतो. पुढच्या सहलीला एखादा शिक्षक मुलांना झाडाखाली उभं करून एवढं जरी दाखवेल, की तोंड इकडे केलं की चेहरा असा दिसतो आणि तिकडे केलं की तसा, तरी त्या स्मारकाला न्याय मिळेल.

माझं म्हणणं आता थोडक्यात मांडतो. आपल्या प्रत्येक शाळेत, जमलं तर मोहल्ल्यातल्या प्रत्येक वाचनालयात, दोन दिवे, दोन छत्र्या आणि एक साधा कॅमेरा असावा. कपाटात कुलूपबंद नको, वापरात असावा. आणि तो चालवायला मुलींना शिकवावं. माझ्या अनुभवात आमच्या अनेक मुलींचा फोटो बिघडतो तो उजेडाने जेवढा, तेवढाच संकोचाने. अनोळखी पुरुष “मान वर करा, स्कार्फ मागे घ्या” म्हणतो आणि मुलगी दगडासारखी बसते. हा प्रश्न नवा नाही. राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत पडद्यातल्या स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला होता आणि तिथलं काम एका बाईंच्या हाती दिलं होतं. जे त्या काळी निजामाच्या राजधानीत सुचलं, ते आज आपल्या शाळेच्या ग्रंथालयात का सुचू नये?

यावर दोन आक्षेप येतात. पहिला पैशाचा. गॅदरिंगच्या मांडवावर आणि डीजेवर जेवढं जातं, त्याच्या एका तुकड्यात हे बसतं, आणि दिवे वर्षानुवर्षं टिकतात. दुसरा आक्षेप आमच्याच शिक्षकांचा, की हे आपलं काम नाही, अभ्यासक्रमात नाही. आठवी-नववीच्या विज्ञानात प्रकाशाचं परावर्तन शिकवतोच की आपण. इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकात ‘किताब अल-मनाझिर’मध्ये सिद्ध करून दाखवलं, की डोळ्यातून किरण निघून आपल्याला दिसत नाही, तर वस्तूवर पडलेला उजेड डोळ्यात येतो म्हणून दिसतं. आपण भाषणात त्यांचं नाव अभिमानाने घेतो. त्यांचा धडा शाळेतल्या एका स्टुलावर आणि दोन दिव्यांवर उतरवला तर तो अभिमान कामाला येईल.

आमच्या शाळेत यंदा नववीतल्या दोन मुली हे दिवे लावतात. पहिल्या दिवशी बटण दाबायलाही घाबरत होत्या. आता खडूच्या खुणा हलल्या तर मलाच रागावतात. मी फक्त नावांची यादी घेऊन बाजूला बसतो.

“चेहरा किसी और का है” म्हणणाऱ्या मुलीचा फोटो मात्र गेल्या वर्षी मीच काढला होता. अर्जाची मुदत संपायला दोन दिवस राहिले होते. ती येऊन स्टुलावर बसली, दिवे चमकले, मी कॅमेरा उलटा करून मागचा पडदा तिच्यासमोर धरला. तिने बोटाने फोटो मोठा केला. कपाळ बघितलं, डोळे बघितले, हनुवटीवरचा लहानपणीचा व्रण बघितला.

“हाँ, ये मैं हूँ,” ती म्हणाली. मग पुन्हा निरखून म्हणाली, “सर, पिन टेढ़ी है. एक और निकालो.”

तिने पिन सरळ केली आणि मी आणखी एक काढला.